एका बाळाची तीन वजनं

“थोरवे, हसण्यासारखं काही झालंय का?” चिंदरकर मॅडमनी विचारलं.

काहीही झालेलं नव्हतं. मी हात धुऊन, बोटं वर धरून, बाळांच्या वजनकाट्यापाशी उभी होते आणि मॅडमनी फक्त माझा परीक्षा क्रमांक विचारला होता. पण मला भीती वाटली की हसू येतं. लहानपणापासूनचं आहे हे. शाळेत छडी खाताना यायचं, दाढ काढायला गेले तेव्हा आलं, आणि आजोबांच्या दहाव्याला तर असं आलं की आईनं मला मोरीत कोंडलं आणि बाहेर पाहुण्यांना सांगितलं, पोरीला फार लागलंय, रडतेय.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. ‘मॅडम’मधल्या पहिल्याच अक्षराला माझा आवाज फुटला.

मॅडम पुण्याहून आलेल्या बाहेरच्या परीक्षक. ठेंगण्या, पांढऱ्या साडीला कडक इस्त्री, आणि समोरच्याकडे चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्यांच्या शेजारी आमच्या वॉर्डाच्या बागवान सिस्टर उभ्या होत्या. त्या सकाळभर डिलिव्हरी रूममध्ये अडकल्या होत्या आणि आत्ताच हात पुसत आल्या होत्या. माझं हे हसण्याचं दुखणं त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या माझ्याकडे अजिबात बघत नव्हत्या, कारण माझ्याकडे बघितलं की त्यांनाही हसू यायचं.

गोष्ट वडजाईच्या धर्मादाय हॉस्पिटलमधली. मी तिथल्या नर्सिंग स्कूलच्या शेवटच्या वर्षाला होते. बाळंतीण आणि नवजात बाळ या विषयाचं प्रात्यक्षिक होतं. करून काय दाखवायचं, तर समोरच्या बाळाचं वजन करायचं, त्या वजनावरून औषधाचा डोस काढायचा आणि तेवढं औषध सिरिंजमध्ये भरायचं. सहा महिन्यांपूर्वी मी यातच नापास झाले होते. पाव मिलीच्या जागी पंचवीस मिली असं माझं उत्तर आलं होतं. दशांश चिन्ह दोन घरं सरकलं, एवढंच. तेवढ्यावर त्या वेळच्या परीक्षकांनी कदाचित पुन्हा करून बघायला सांगितलं असतं. पण पंचवीस मिली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एवढंसं बाळ आणि म्हशीला टोचायची ती दांडगी सिरिंज उभी राहिली, आणि मी टेबलाला धरून खाली बसले. परीक्षक म्हणाले, या मुलीला घेऊन जा.

दुसऱ्यांदा नापास झालं की शाळेतून नाव कमी, असा आमच्याकडे नियम होता. नाव कमी झालं म्हणजे परत गावाला, आबांच्या पिठाच्या गिरणीत. गिरणीबद्दल माझी काही तक्रार नव्हती, मी तिथंच वाढले. लोकांचे डबे तोलून घेणं हे माझं सातवीपासूनचं काम. पण नवजात बाळांच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि मला दुसरीकडे कुठं जावंसंच वाटेना. त्या खोलीत मला इतका आनंद व्हायचा की त्याची लाज वाटायची. एखादं बाळ शिंकलं की ती बातमी मी अख्ख्या वॉर्डाला सांगून यायची. मला त्या खोलीतच राहायचं होतं, आणि ते आता या एका वजनावर आणि एका गुणाकारावर येऊन थांबलं होतं.

गुणाकाराची तयारी एस्तेरनं करून घेतली होती. एस्तेर साळवे ही हॉस्टेलमधली माझी खोली-मैत्रीण. गणितात हुशार आणि शिकवताना निर्दय. हवंय किती, भागिले हातात आहे किती, हे सूत्र तिनं माझ्याकडून गच्चीवर कपडे वाळत घालताना वदवून घेतलं, आंघोळीच्या रांगेत वदवून घेतलं, ती रविवारी प्रार्थनेला निघाली की फाटकापर्यंत सोबत नेऊन वदवून घेतलं. सरावासाठी आम्ही मेसच्या आमटीत दर वाटीला डाळ किती मिलिग्रॅम पडते तेही काढलं. ते मेसच्या मावशींच्या कानावर गेलं आणि त्यांनी आमच्या ताटात डाव तळापर्यंत घालणं बंद केलं. मग आमचं ‘जवळजवळ शून्य’ हे उत्तर खरोखरच बरोबर येऊ लागलं.

आमच्या गटात चौघी होत्या आणि वॉर्डात ते इंजेक्शन चालू असलेलं बाळ एकच होतं. त्यामुळं चौघींनाही तेच. एस्तेर आणि बाकीच्या दोघी आपापला डोस काढून, पास होऊन, बाहेर व्हरांड्यात बटाटेवडे खात बसल्या होत्या. वड्यांचा वास आतपर्यंत येत होता. माझा नंबर शेवटचा. पहिल्या तिघींनी सिरिंजमध्ये भरलेलं औषध नुसतं दाखवून ओतून टाकलं होतं. पण बाळाच्या इंजेक्शनची वेळ नेमकी माझ्या नंबराला येत होती, म्हणून मी भरलेलं औषध सिस्टर तपासून खरोखरच बाळाला देणार होत्या.

बाळ उज्ज्वला नावाच्या मुलीचं. जन्मल्या जन्मल्या त्याला संसर्ग झाला होता, आता ते बरं होतं, पण जेंटामायसिनची इंजेक्शनं पूर्ण व्हायची होती. उज्ज्वला कॉटवर गाढ झोपली होती. बाळाचा सगळा कारभार तिच्या सासूकडं, गोजराबाईंकडं होता. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि आवाज असा की बाजूच्या वॉर्डातल्या बाया पाणी मागायच्या थांबायच्या.

“अजून एक पोरगी आली?” मला बघून त्या म्हणाल्या. “अवं, किती येळा तोलायचं ल्येकराला? बाजारात इकायचंय का?”

“आजी, ही शेवटची,” बागवान सिस्टर म्हणाल्या.

“मगाच्या पोरीला पन शेवटचीच म्हनलं हुतं. ल्येकरू तोलू न्हाई. तोललं की घटतं.”

“वजन केल्याशिवाय औषध किती द्यायचं ते कसं कळणार आजी?” मी म्हणाले.

“आमच्या येळंला कसं कळत हुतं?”

मला हसू आलं. मी ते गिळून कामाला लागले. काटा नवा होता, कुणीतरी देणगीदाखल दिलेला, लाल आकडे दाखवणारा. त्याच्या खोलगट तबकात मऊ फडकं घालायचं, शून्याचं बटण दाबायचं म्हणजे फडक्याचं वजन धरलं जात नाही, आणि मग उघडं बाळ ठेवायचं. प्रत्येक पायरी तोंडानं बोलत करायची होती. मी बोलत केली. फडकं घातलं, शून्य केलं, बाळाचं झबलं, लंगोट काढून त्याला तबकात ठेवलं. त्यानं हातपाय झाडायला सुरुवात केली. नेहमीप्रमाणे आजी पुढं झाल्या आणि बाळाच्या डोक्यापाशी हात धरून उभ्या राहिल्या. तेवढी सवलत सिस्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी देऊन टाकली होती, कारण ती दिली नाही तर त्या ओरडायच्या आणि मग वॉर्डातली सगळीच बाळं उठायची.

आकडा स्थिर झाला.

“दोन किलो दोनशे ग्रॅम,” मी मोठ्यांदा सांगितलं.

मॅडमनी बाळाच्या कॉटला लावलेला तक्ता हातात घेतला. “पहाटे सिस्टरनी केलेलं वजन दोन किलो आहे.”

“हो मॅडम.”

“मग हे सकाळभरात दोनशे ग्रॅम वाढलं?”

“दूध प्यालं असेल,” मी म्हणाले.

“दोनशे ग्रॅम?”

मला ते बाळ तांब्याला तोंड लावून घटाघटा पिताना दिसलं. मी खालचा ओठ दातात धरला. बागवान सिस्टर खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघू लागल्या.

“पुन्हा करा,” मॅडम म्हणाल्या.

मी बाळाला उचलून डाव्या हातावर घेतलं, उजव्या हातानं शून्याचं बटण दाबलं आणि बाळ परत ठेवलं. आता मॅडम आकडा नीट दिसावा म्हणून अगदी काट्याला टेकून उभ्या राहिल्या. त्या जवळ आल्या तशा आजी जरा चपापल्या आणि बाळाच्या डोक्याखालचं फडकं सारखं करून मागं सरकल्या. मी आकडा बघितला. मग मॅडमकडे बघितलं. मग पुन्हा आकडा.

“वाचा ना.”

“एक किलो आठशे.”

“थोरवे,” मॅडम अगदी शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या हातात हे बाळ दोन मिनिटांत चारशे ग्रॅम घटलं.”

“म्या म्हनलं न्हवतं?” गोजराबाई म्हणाल्या. “तोललं की घटतं.”

मी हसले. दाबून, गिळून, दुसरीकडे बघून काही उपयोग झाला नाही. नाकातून असा काही आवाज निघाला की उज्ज्वला जागी झाली आणि तिनं विचारलं, “काय झालं आत्ती?” आजी म्हणाल्या, “काय न्हाई, तू नीज. पोरी शिकत्यात.”

“बाजूला व्हा,” मॅडम म्हणाल्या.

त्यांनी बांगड्या मागं सारल्या, बाळ माझ्या हातात दिलं, फडकं झटकून पुन्हा घातलं, शून्य केलं आणि माझ्याकडून बाळ घेऊन स्वतः तबकात ठेवलं. आजी या वेळी पुढं आल्या नाहीत. दोन्ही हात पदराखाली घेऊन त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

“दोन किलो,” मॅडमनी जाहीर केलं. “पहाटेचं वजन बरोबर होतं. काटा ठीक आहे, तुमचे हात ठीक नाहीत. असो. दोन किलो धरा आणि डोस काढा.”

याहून सोपं गणित मला आयुष्यात कुणी घातलं नव्हतं. औषध किलोला पाच मिलिग्रॅम. दोन किलोला दहा. लहान मुलांच्या बाटलीत एका मिलीत दहा मिलिग्रॅम. म्हणजे बरोबर एक मिली. दशांश चिन्ह सरकायला जागाच नव्हती. एस्तेरनं मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगून कुशीवर वळले असते. सिस्टरांनी बाटली माझ्यापुढं सरकवली आणि डोळ्यांनी म्हणाल्या, बोल लवकर.

पण मी बाटलीला हात लावला नाही. आबा गिरणीत एक करायचे. एकाच डब्याचं वजन दोनदा वेगळं आलं तर तिसऱ्यांदा आलेलं लिहायचे नाहीत. आधी गिरणीचा पट्टा थांबवायचे आणि काय हललं ते शोधायचे. तोवर गिऱ्हाईक कितीही बडबडलं तरी त्यांना फरक पडायचा नाही. माझ्यापुढं एका बाळाची तीन वजनं होती आणि काय हललं ते मला माहीत नव्हतं.

“मॅडम, मी डोस काढणार नाही,” मी म्हणाले. भीती वाटत होती, म्हणजे अर्थातच मी हे हसत हसत म्हणाले.

“काय म्हणालात?”

“तीन वजनं आलीत. तिसरंच खरं कशावरून?”

“ते मी केलंय यावरून.”

“हो मॅडम. पण काट्याला ते माहीत नाही.”

मला हे बोलायचं नव्हतं. ते आपलं आपण बाहेर पडलं. सिस्टरांनी डोळे मिटले. शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली आणि तिनं आपल्या बाळाला मांडीवर घेतलं, जणू आता बघण्यासारखं काही होणार.

मॅडमनी घड्याळ बघितलं. “तुमची पाच मिनिटं राहिली आहेत. वेळेत उत्तर आलं नाही तर शून्य. आणि तुमचा हा दुसरा प्रयत्न आहे असं मला सांगितलंय.”

“हो मॅडम.”

“मग?”

मग काय. मला हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर रडूही येत होतं, आणि दोन्हींसाठी तोंड एकच होतं. हे औषध बाळाला जास्त गेलं तर त्याच्या कानांवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम होतो, हे बागवान सिस्टरांनीच आम्हाला शिकवलं होतं. कमी गेलं तर दबलेला संसर्ग पुन्हा डोकं वर काढतो. माझ्या आधीच्या तिघींचं औषध मोरीत गेलं होतं. माझं त्या इवल्याशा मांडीत जाणार होतं. मी बाळाकडे बघितलं. त्याला झाल्या प्रकाराचं काही नव्हतं, ते स्वतःची मूठ तोंडात घालायचा प्रयत्न करत होतं आणि दर वेळी नेम चुकून गालावर मारून घेत होतं.

तेवढ्यात मला दिसलं. एकदा दोनशे जास्त. एकदा दोनशे कमी. वर आणि खाली सारखंच. हात चुकले असते तर चूक कमीजास्त झाली असती, दर वेळी नेमकी दोनशेचीच कशी? म्हणजे दोनशे ग्रॅमचं काहीतरी येत होतं आणि जात होतं. शून्य केल्यावर आलं तेव्हा बाळ जड झालं. शून्य करताना आत होतं आणि नंतर गेलं, तेव्हा बाळ हलकं झालं. आणि येऊन-जाऊन असणारं तिथं दुसरं कोण होतं?

“आजी,” मी म्हणाले, “तुमच्या पदराखाली काय आहे?”

“काय न्हाई.”

“दोनशे ग्रॅमचं काहीतरी आहे.”

“ते दोनशे का किती मला ठावं न्हाई,” गोजराबाई म्हणाल्या. “अडकित्ता हाय.”

बागवान सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलताना दिसत होते. शेजारच्या कॉटवरची बाई आधी हसली, मग तिचे टाके दुखले म्हणून कळवळली, मग परत हसली. उज्ज्वलानं पांघरूण डोक्यावरून घेतलं. माझं तर विचारूच नका, मी काट्याच्या टेबलाला धरून उकिडवी बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकट्या चिंदरकर मॅडम सरळ उभ्या होत्या.

“अडकित्ता,” त्या म्हणाल्या. “बघू.”

आजींनी तो काढून दाखवला. चांगला जाड लोखंडी, मुठी घासून गुळगुळीत झालेला. “लोखंड असावं ल्येकरापाशी. तोलताना तर असावंच. तुमी तोलाय घेतलं की म्या डोस्क्याखाली सारायची, झालं की काढायची. तुमी जवळ आला तवा भ्याले, आदीच काढला.”

“प्रत्येक वेळी ठेवत होतात? आधीच्या मुलींच्या वेळीसुद्धा?”

“तर वं. पहाटं तेवढा डोळा लागला हुता. कुनी बघाय लागलं की काढायची, पुना ठिवायची.”

मॅडमनी दाराकडे बोट केलं. “आजीबाई, तो अडकित्ता घ्या आणि वजन होईपर्यंत बाहेर बसा.”

“बाहीर बसनार न्हाई,” गोजराबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट एकदम खाली आला होता, आणि त्यांचा खालचा आवाज वॉर्डात आजवर कुणी ऐकला नसावा. “हिची पैली पोर हितंच झाली हुती, पल्याडच्या खोलीत. रोज तोलायच्या. रोज म्हनायच्या, आज कमी भरली. म्या तवा काय बोलले न्हाई. शिष्टर म्हनल्या बाहीर बसा, म्या बाहीर बसले. मग एक दिस आत बोलीवलं, तवा तोलाय काय उरलं न्हवतं. ह्या बारीला म्या बाहीर बसनार न्हाई.”

पांघरुणाखाली उज्ज्वला हलली नाही. माझं हसू कुठल्या कुठं गेलं. मी उठून उभी राहिले आणि पहिल्यांदाच गोजराबाईंच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. त्या सकाळपासून ओरडत होत्या आणि आम्ही चौघी बाहेर जाऊन त्यांच्या नकला करत होतो. त्या ओरडत नव्हत्या, त्या घाबरलेल्या होत्या. मला भीतीनं हसू येतं, त्यांना भीतीनं आवाज चढत होता, एवढाच आमच्यात फरक होता.

“मॅडम,” मी म्हणाले, “अडकित्ता राहू दे.”

“थोरवे, तुम्ही आत्ताच म्हणालात की त्याच्यामुळं वजन चुकतंय.”

“असल्यानं नाही चुकत. मध्येच येण्याजाण्यानं चुकतं. आमच्या गिरणीत आधी रिकामा डबा तोलतात, मग दाणे. आधी अडकित्ता ठेवू, मग शून्य करू, मग बाळ. अडकित्ता त्याच्या डोक्याखाली राहील आणि वजन बाळाचंच येईल.”

मॅडमनी माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. मग चष्म्यातून बघितलं.

“करा,” त्या म्हणाल्या.

मी गोजराबाईंना हाताला धरून काट्यापाशी आणलं. “तुम्हीच ठेवा. पण मी बाळ उचलेपर्यंत काढायचा नाही. कुणीही जवळ आलं तरी नाही.”

“आन् तू काढशील?”

“मी पण नाही काढणार.”

त्यांनी अडकित्ता दोनदा पदराला पुसला, फडक्याखाली सारला आणि वरून हात फिरवून बघितला. लाल आकडा दोनशेवर जाऊन थांबला. मी बटण दाबलं, शून्य आलं. मग बाळाला ठेवलं आणि आम्ही दोघींनी हात वर केले. आकडा स्थिर झाला.

“दोन किलो,” मी म्हणाले.

मग मी सगळं मोठ्यांदा बोलत केलं. दोन गुणिले पाच, दहा मिलिग्रॅम. एका मिलीत दहा, म्हणजे एक मिली. बाटलीवरचं नाव वाचलं, तारीख वाचली, ताकद वाचली, सिरिंज भरली, टिचकी मारून बुडबुडा वर आणला आणि घालवला. मॅडमनी सिरिंज खिडकीशी नेऊन उजेडात धरली. मग ती बागवान सिस्टरांच्या हातात दिली. सिस्टरांनी तपासली आणि बाळाच्या मांडीत इंजेक्शन दिलं. बाळानं टाहो फोडला. आजींनी त्याला छातीशी धरून आम्हा तिघींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तो नेहमीचा आवाज ऐकून मला फार बरं वाटलं.

माझी वेळ मात्र कधीच संपून गेली होती. मॅडम माझ्याशी काही न बोलता व्हरांड्यात गेल्या आणि तिघींना घेऊन परत आल्या. एस्तेरच्या हातात अर्धा वडा तसाच होता.

“साळवे, तुमचं बाळ एक किलो आठशेचं,” मॅडम म्हणाल्या. “तुमचं दोन किलो दोनशेचं. तुमचंही दोन दोनशे. तिघींचे गुणाकार बरोबर होते, म्हणून मी तिघींना पास केलं. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं उभ्या होतात, म्हणून मी वजन तक्त्याशी ताडून बघितलं नाही. या हसत होत्या, म्हणून बघितलं. चूक माझीही आहे. तुम्हा तिघींची परीक्षा पुन्हा होईल. आत्ता.”

“वैजे, काय केलंस तू?” एस्तेर ओठ न हलवता मला म्हणाली.

“म्हंजी अजून तीनदा तोलनार?” गोजराबाईंनी बाळाला पदराआड घेतलं. “न्हाई जमायचं. एकदाच तोला आन् तुमच्या तुमच्यात वाटून घ्या.”

मॅडमनी रुमाल तोंडाला लावला आणि बराच वेळ खोकल्या. तो खोकला नव्हता. मग त्यांनी आजींचं म्हणणं मान्य केलं. वजन एकदाच, एस्तेर करेल, गणित तिघी करतील. एस्तेरनं वडा कुठं ठेवावा ते न सुचून माझ्या हातात दिला आणि ती काट्याकडे वळली.

“थांब,” आजी म्हणाल्या. “आदी अडकित्ता. हां. आता ते बटान दाब. शून्य आलं का? बग नीट. आलं? मंग आता घे ल्येकरू.” आणि त्यांनी आपल्या हातानं बाळ तबकात ठेवलं.

मी वडा घेऊन कोपऱ्यात उभी राहिले. त्या तिघी वहीवर वाकून गणित करत होत्या. उत्तर वेळेत आलं नव्हतं, हे मॅडमनी आधीच बजावलं होतं. त्यांना पुन्हा परीक्षा मिळाली, मला तीही सांगितली नव्हती. गावाकडची गाडी किती वाजता असते ते मी आठवू लागले. बागवान सिस्टर इंजेक्शनचा ट्रे आवरत होत्या. शेवटी मी त्यांच्यापाशी गेले.

“सिस्टर, माझं काय झालं? मॅडम काहीच बोलल्या नाहीत.”

“कशाचं काय झालं?”

“पास का नापास?”

सिस्टरांनी हातातला कापूस खाली ठेवला. “या बाळाच्या मांडीत आत्ता औषध गेलं, ते कुणी भरलं होतं?”

“मी.”

“मग नापास पोरीच्या हातचं औषध मी लेकराला टोचेन का? आणि त्या मला टोचू देतील?”

मी वाकून त्यांच्या पाया पडायला गेले, तर त्यांनी मला दंडाला धरून उभं केलं आणि माझ्या हातातला वडा काढून घेतला.

“नंतर,” त्या म्हणाल्या. “दारापाशीच्या कॉटवरचं बाळ उठलंय. जा, बघ त्याला काय हवंय.”